मेलेली व्हायला आमचीच माणसं

"मेलेलं कोण होणार?" तालुक्याच्या साहेबांनी विचारलं आणि जो तो मागं सरला.

शाळेच्या मैदानात पुराची मॉक ड्रिल व्हती. वेदगंगेला पाणी आलं तर गाव कसं हलवायचं, त्याची तालीम. दरसाल पावसाळ्याआधी करायची, असा वरनं हुकूम. वाचवणारी पोरं ठरली, नारंगी जाकिटं घालून. दोर धरणारी ठरली. जखमी व्हायला बी चारजण हसत पुढं आले, हाताला बँडेज बांधून फोटो काढत बसले. पण मेलेलं व्हायला कुणी तयार न्हाय. जित्या माणसानं मढं व्हणं म्हंजे अपशकुन. एकजण म्हणाला, घरात लगीन हाय. दुसरा म्हणाला, आई ओरडंल.

मग पंचायतीच्या अध्यक्षांनी मान वळवली. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतंय. आमच्या वस्तीतल्या बायका मागं कुंपणाला टेकून उभ्या व्हत्या. आप्पांनी त्यातल्या माझ्याकडं बोट केलं.

"तिला घ्या की. त्यांच्यात चालतंय."

त्यांच्यात चालतंय. एवढंच. कुणी हसलं बी न्हाय, इतकं ते सगळ्यांना बराबर वाटलं.

मी बत्तीस वर्षांची बाई. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करते. तोंडाची फटकळ. वखारीतला मुकादम माझ्या नादाला लागत न्हाय. आणि त्या दिवशी मी मुकाट जाऊन पडले. का पडले? अजून सोताला विचारते. आप्पांनी सांगितलं आणि पाय आपसूक चालले. त्याचीच जास्त लाज वाटते.

अंगावर पांढरी चादर टाकली. बेळगावचे मोठे साहेब यायचे व्हते, त्यांना उशीर झाला. नाकावर माशी बसली म्हणून मी मान हलवली तर तालुक्याचे साहेब ओरडले, "सुम्मने मलगु!" गप पडून ऱ्हा. सव्वा तास मी उन्हात मढं व्हऊन पडले. मग स्ट्रेचरवर घातलं, फोटो झाले, टाळ्या झाल्या. ज्या पोरांनी मला उचललं ती नळावर जाऊन हातपाय धुऊन आली. मी बघितलं. मी बघितलेलं त्यांनी बी बघितलं.

घरी आले तर आईला आधीच कळलेलं. आई एका अंगानं लुळी, खाटेवरच असते. शेजारणीकडनं मीठ-मिरच्या मागवून तिनं चांगल्या हातानं माझ्यावरनं उतरल्या. आणि रडायला लागली.

"जित्या लेकीवर पांढरं घातलं गं त्यांनी. आणि तू घालून घेतलंस?"

आमचा आज्जा गावची मेलेली ढोरं ओढायचा. गावात कुणी गेलं की पावण्यांच्या गावाला सांगावा घिऊन उन्हातनं चालत जायचा. बानं ती कामं सोडली, त्यापायी मार खाल्ला. कागदावर वस्तीला आता नवं नाव हाय, गावाच्या तोंडात अजून जुनंच. आणि मी, बारावी शिकलेली, गावाचं खोटं मरण बी अंगावर घेऊन आले. थू त्या शिक्षणावर, असं वाटलं.

दोन म्हैन्यांनी खरं पाणी आलं.

आमची वस्ती आणि शाळा यांच्यामधी ओढा हाय. नदी फुगली की पाणी आधी ओढ्यातनं उलटं चढतंय. गावाला पाणी लागायच्या आधी आमची वाट बंद. सायरन वाजला तो देवळापुढं, आम्हाला ऐकू आला न्हाय. दुपारी उंबऱ्याला पाणी लागलं तवा पळापळ. आईला खाटेसकट आम्ही चौघांनी उचललं. ओढ्यात पाणी माझ्या गळ्याला. मधेच माझा पाय सरकला, खाट कलली आणि आईचं तोंड पाण्यात गेलं. पलीकडच्यानं रेटा दिला म्हणून वाचली. शाळेत पोचल्यावर बी तिनं चांगल्या हातानं धरलेलं माझं मनगट सोडलं न्हाय. नारंगी जाकिटातलं एक पोरगं ओढ्याकडं फिरकलं न्हाय.

पाणी उतरल्यावर मी अर्ज लिहिला. ओढ्यावर उंच पूल पायजे. दुसरं काय बी नको. अर्ज घिऊन तालुक्याला गेले. तिथल्या क्लार्कनं फाईल काढली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, "ड्रिलमधी तुमच्या वस्तीचं टार्गेट पूर्ण झालंय. रिझल्ट आलाय. पूल कशाला?"

पान माझ्यापुढं सरकवलं. त्याला वाटलं, हिला काय वाचता येतंय. पण बानं मला मुद्दाम कन्नड शाळेत घातलेलं. म्हणायचा, कागद ज्या भाषेत येतोय ती आपल्याला यायला पायजे.

वाचलं. उद्दिष्ट: वस्तीतली सगळी कुटुंबं सुरक्षित जागी हलवणे. साध्य: शंभर टक्के. लागलेला वेळ: चाळीस मिनिटं. नव्या वाटेची गरज: नाही. मृत: शून्य.

आईशप्पत, मला हसूच आलं. सव्वा तास मी मेलेली, आणि कागदावर मेलेलं कुणीच न्हाय! टार्गेटच शून्याचं, मग मढं दाखवणार कसं? माझी नोंद झाली 'जखमी, उपचारानंतर बरी'. त्याच्याखाली आमच्या बायकांच्या सह्या. ड्रिल संपल्यावर हजेरीच्या म्हणून घेतलेल्या, वरचं कुणी वाचलं न्हाय. पहिली माझी. झोकात केलेली, कन्नडमधी.

हसू तिथंच जिरलं. ड्रिलच्या दिवशी वस्तीतनं एक खाट हलली नव्हती. ओढा कुणी ओलांडला नव्हता. आम्ही ड्रिलच्या आधीच मैदानात जाऊन उभ्या होतो. आणि त्यावर मी सही ठोकली.

"हे खोटं हाय," मी म्हणाले.

"सही तुझीच न्हवं?" तो म्हणाला, आणि फाईल मिटली.

तवापासनं डोकं ठिकाणावर न्हाय माझं. तंबाखू निवडताना बी तेच पान दिसायचं. आप्पांचा राग येतोय, साहेबांचा येतोय, पण सगळ्यात जास्त माझ्या ह्या हाताचा.

परवा यंदाची ड्रिल झाली. साहेब नवे, आप्पा तेच.

"चल गं, पड जा. तुला सवय हाय."

"न्हाय पडणार."

"मग तुमच्यातली दुसरी कुणीतरी या."

मी मागं बघितलं. एक बी बाई हलली न्हाय.

"आम्ही कुणीच न्हाय मरणार," मी म्हणाले. मग साहेबांकडं वळले. "माझी आई घरात खाटेवर हाय, साहेब. तिला तिथनं उचला आणि ओढ्यातनं इथं आणा. घड्याळ लावा. जेवढा वेळ लागंल तेवढा लिवा."

साहेब ओढ्यापर्यंत आले, हे खरं. उन्हाळ्याचा ओढा, पाणी न्हाय, नुसती गुडघाभर राड. काठावर उभं राहून त्यांनी आपले बूट बघितले. "पुढच्या वेळी बघू," म्हणाले आणि मागं फिरले. मैदानात मढ्याच्या जागी पेंढा भरलेलं पोतं ठेवून ड्रिल उरकली. शेवटी सह्यांचा कागद आला. आमच्या अठ्ठावीस घरांतनं कुणी पेन धरलं न्हाय.

काल आप्पा वस्तीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले, आत आले न्हाईत. "भांगलायला आमच्याच रानात येतासा न्हवं?" एवढंच बोलून गेले. आज सकाळी दोघींना रानातनं परत लावलं. त्यातली एक मला विचारत व्हती, "करून टाकूया का गं सही?" तिच्यावर रागवू तरी कशी?

उद्या मला तालुक्याला बोलावलंय. आमच्या सह्या न्हाईत म्हणून सगळ्या गावाचा रिझल्ट अडकलाय म्हणे. अडकू दे. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. उद्या जाणार हाय. साहेबांच्या टेबलापुढं उभं राहून त्यांच्याच भाषेत सांगणार हाय: पूल लिवा, आणि आज वस्तीला बाहेर पडायला वाट न्हाय, हे बी लिवा. बाकीच्यांनी भिऊन सह्या केल्या तर करू देत, त्यांच्या पोटाला मी आड येणार न्हाय. माझी सही मिळणार न्हाय.