मातामायची शपथ आणि दवाखान्याची वाट

आमच्या घरी रात्रीचा भात दिवस असतानाच शिजायचा. बाबा पिऊन आले की आधी चुलीकडे जायचे, आणि चुलीवर जे असेल ते अंगणात जायचं. म्हणून आई शेतातून आली की पाय धुवायच्या आधी भात मांडायची, आम्हाला उजेडात जेवायला बसवायची आणि भाताचा गंज, म्हणजे पातेलं, खाटेखाली सरकवून ठेवायची. पाहुण्यांना वाटायचं, या घरात लवकर जेवायची चांगली सवय आहे.

आमचं गाव आंबागडच्या बाजूचं. धानाची शेती, गावाला लागून एक बोडी, म्हणजे मातीची पाळ घातलेला लहान तलाव, आणि उन्हाळ्यात मोहाची झाडं. बाबा दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात, ढोलकी वाजवायचे. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की त्यांना बोलावणी यायची. ढोलकीवाल्याला कोरडं बसवायचं नाही अशी आमच्याकडची रीत. तो येऊन टेकला की पहिल्या धारेची मोहाची त्याच्यापुढे येते. हा मान असतो. बाबांनी तो मान इतकी वर्षं घेतला की पुढे मंडई असो-नसो, सकाळीही तो लागायला लागला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी दबक्या आवाजात सांगत नाही. आईने लोकांच्या बांधीत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करून मला तुमसरच्या कॉलेजात पाठवलं आणि मी बी.ए. झाले. माझा भाऊ राजू बारावीनंतर तुमसरला राइस मिलमध्ये लागला आणि तिथेच राहू लागला. बाबांनी एकदा आईवर काठी उगारली, ती त्याने हिसकून मोडली, आणि त्या दिवसापासून तो बाबांशी बोलला नाही.

आमच्याच गावच्या मंडईत, भर दुपारी, गण चालू असताना बाबा ढोलकीसकट आडवे झाले. मला पाहायला आलेले पाहुणे समोरच बसले होते. ते चहा न घेता गेले. त्याचं मला फार वाटलं नाही. आईचा चेहरा मात्र मला बघवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, घरी आले. त्यांनी बाबांना आंघोळ करायला लावली, हात धरून मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, ठाण्यावर नेलं, नारळ फोडला आणि शपथ घ्यायला लावली. आजपासून थेंब नाही. बाबा रडले. आईने ठाण्यावर डोकं टेकलं ते लवकर उचललंच नाही.

इथून पुढचं नीट वाचा, कारण यासाठीच मी हे लिहायला बसले. आमच्या गावात कुणालाही विचारलं असतं तर त्याने आम्ही केलं तेच करायला सांगितलं असतं. शपथ घेतली म्हणजे दारू बंद. माणसावर घरच्यांनी नजर ठेवायची, भट्टीकडे जाऊ द्यायचं नाही, दोनचार दिवस त्रास होईल तो सोसायचा. शपथ ठाण्यावर घेतली की मग दवाखान्याचं काम काय?

शपथेच्या दुसऱ्या दिवशी बाबांचे हात इतके थरथरू लागले की पाण्याचा गिलास तोंडाला लागेना. अंगाला घाम. पोटात काही टिकेना. दुपारी ते अंगणात पडले, दातखिळी बसली, हातपाय झाडू लागले. आईने कांदा फोडून नाकाला लावला. थोड्या वेळाने ते शांत झाले.

"माय परीक्षा घेऊन राहिली," मोठेबाबा म्हणाले. "मनात दारू आली असन त्याच्या. भेऊ नको."

"दवाखान्यात नेऊ," मी म्हटलं.

"शपथीवर सुई नाही चालत पोरी. शिकली म्हणून सगळंच समजते का तुले?"

तिसऱ्या दिवशी बाबांना घरात पाणी दिसू लागलं. बोडीची पाळ फुटली, धानाचे रचलेले पुंजने वाहून राहिले, असं ते ओरडत होते. घरातलं पांघरूण ओढून उंबऱ्यावर कोंबत होते. "माती आणा गा, माती! पाहून काय राहिले?" बाहेर कोरडं ऊन पडलेलं होतं. पुजाऱ्याला बोलावलं. कडुनिंबाचा धूर केला. बाबांना खाटेला बांधलं. भट्टीवरचा त्यांचा एक सोबती दारातून म्हणाला, "एक घोट द्या वहिनी, आत्ता उतरते." आईने हातातला झाडू उचलला तसा तो गेला.

दुपारनंतर बाबांचं अंग भाजायला लागलं आणि श्वास धापेसारखा चालू झाला. मोठेबाबा पुजाऱ्याशी बोलत होते. मी कुणाला विचारलं नाही. एकशे आठला फोन लावला.

तुमसरच्या दवाखान्यातून त्यांना लगेच भंडाऱ्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टर मॅडमने बाबांचे डोळे पाहिले, हात पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "शेवटची दारू कधी घेतली?"

मोठेबाबा पुढे झाले. "सोडली साहेब. मातामायसमोर शपथ घेतली."

"एकदम सोडली?"

"हो तर. थेंब नाही दिला."

मॅडमने नर्सला सलाइन आणायला सांगितलं. मग म्हणाल्या, "शपथ चांगलीच आहे, काका. पण ती घेऊन आधी इथे यायचं होतं."

बाबांना जे झालं त्याचं नाव डिलिरियम ट्रेमेन्स. मॅडमने आम्हाला ते सोप्या शब्दांत सांगितलं. वर्षानुवर्षं रोज दारू मिळाली की मेंदू तिच्यासोबत काम करायला शिकतो. ती एकाएकी बंद झाली की मेंदूचा लगाम सुटतो. आधी थरथर आणि घाम, मग झटके येऊ शकतात, मग नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो. सगळ्यांना होत नाही. ज्यांना होतं त्यातले काही उपचाराविना मरतात. दारू सोडताना होणाऱ्या या सगळ्या त्रासाला विथड्रॉवल म्हणतात आणि त्याला औषध आहे. दवाखान्यात ठेवून, शांत करणारी औषधं देऊन आणि ती हळूहळू कमी करून माणसाला त्यातून बाहेर काढतात.

"वाचतील का?" आईने विचारलं.

"आज सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

मोठेबाबा व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून खाली बसले. 

बाबांना सलाइन लावलं, थायमिनची इंजेक्शनं सुरू झाली. थायमिन म्हणजे बी-वन हे जीवनसत्त्व. दारूने ते अंगातून पार संपतं आणि त्याच्यावाचून डोकं कायमचं बिघडू शकतं. बाबा सलाइन उपसत होते म्हणून त्यांचे हात मऊ कापडाने पलंगाला बांधले. घरी बांधलं होतं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. इथे बांधलेले हात मला बघवेनात.

बाहेर बाकावर बायका बसलेल्या असायच्या. नवीन कुणी आली की तिच्याकडे पाहूनच कळायचं. अड्याळकडची एक बाई आईला म्हणाली, "तुमचाबी तोच का वो?"

"तोच."

"मोहाची का देशी?"

"मोहाची."

"मंग बरा आहे. घरची तरी आहे," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. आई कितीतरी दिवसांनी हसली होती. थोड्या वेळाने पाहिलं तर ती त्या बाईच्या खांद्यावर डोकं टाकून भर दुपारी झोपली होती. बाबांचे पाय वाजायची भीती नसलेली झोप तिने पहिल्यांदा दवाखान्याच्या बाकावर घेतली.

राजूला मी कळवलं होतं. तो मिलमधून तसाच आला, केसांत धानाचा कोंडा, अंगावर भुसा. वॉर्डाच्या दारात थांबला.

"मेला का?" त्याने विचारलं.

"आत ये."

"मी पाह्यले आलो. बसाले नाही आलो."

तेवढ्यात बाबांची नजर दाराकडे गेली. ते मला ओळखत नव्हते, आईला ओळखत नव्हते. पण म्हणाले, "राजू, पाळ फुटली रे. माती टाक. मले बांधून ठेवलं यायनं, माझ्यानं होत नाही." आणि रडायला लागले.

राजू बराच वेळ उभा होता. मग आत आला. पायथ्याची चादर घेतली, तिची घडी केली, पलंगाच्या कडेशी घट्ट दाबून बसवली आणि तळहाताने ठोकली, पाळीवर चिखल ठोकतात तशी.

"बुजवली बाबा," तो म्हणाला. "आता नाही वाहत."

"पुंजने?"

"आहेत. सगळे आहेत."

बाबांनी डोळे मिटले. राजू बाहेर येऊन नळाखाली तोंड धूत राहिला.

ताप उतरला, पाणी दिसायचं थांबलं. एका सकाळी बाबांनी मला नावाने हाक मारली आणि चहा मागितला. आम्हाला वाटलं, संपलं. मग सोनोग्राफी झाली. पोटाच्या त्या तपासणीत लिव्हर सिरॉसिस निघाला. लिव्हरला पुन्हापुन्हा इजा होऊन ते कडक होतं, त्याला सिरॉसिस म्हणतात. ते पहिल्यासारखं होत नाही. दारू पूर्ण बंद ठेवली तर जे उरलंय ते टिकू शकतं. "एक घोटसुद्धा नाही," मॅडम बाबांना म्हणाल्या. "सण नाही, मान नाही, काही नाही."

आईने हळूच विचारलं, "ते दारू सुटाची, जेवणात कालवून द्याची पुडी भेटते म्हणतात. देऊ का?"

"अजिबात नाही. यांच्या लिव्हरला ती विष ठरेल. आणि चोरून औषध दिलेला माणूस तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. त्यांना माझ्याकडे आणत राहा."

आम्ही नेत राहिलो. ओढ कमी करणारी गोळी, समुपदेशन, रक्ताच्या तपासण्या. बाबा एका तेरवीच्या जेवणात प्यायले. पुन्हा दवाखाना, पुन्हा तेच बाक. आई त्या वेळी एकच वाक्य बोलली, "मी आता थकली." मॅडमने आम्हाला सांगितलं की पुन्हा घसरणं हा या आजाराचा भाग आहे, पुन्हा उपचार करायचे. हे ऐकायला सोपं आहे. जगायला नाही.

मग पुढच्या वर्षीची मंडई आली. आमच्या गावची.

बाबांना घरात कोंडावं असं राजूचं म्हणणं. मोठेबाबा म्हणाले, "कोंडून पाह्यलं नं एकदा." ते स्वतः बाबांसोबत गेले. मीही गेले. मंडपात बाबा टेकले तसा रीतीप्रमाणे गिलास पुढे आला. बाबांनी तो पाहिला. मला वाटलं, गेलं सगळं.

"मले पाणी द्या," बाबा म्हणाले.

"का गा, सासरी आला का, पाणी मागून राहिला?" कुणीतरी बोललं आणि सगळे हसले.

"दे ना बाप्पा पाणी," मोठेबाबा म्हणाले. "त्याच्या वाट्याची तो पिऊन चुकला." आणि त्यांनी स्वतःपुढचा गिलासही परत सरकवला. ते आयुष्यभर पीत आलेले. त्या दिवशी नाही प्यायले.

बाबांनी ढोलकी घेतली. पण बोटं ऐकेनात. ठेका दोनदा चुकला, नाचणारी पोरं थांबून पाहू लागली. बाबांनी ढोलकी उतरवली, शेजारच्याच्या मांडीवर ठेवली आणि उठले. लोक म्हणतात, दारू सोडली आणि हात गेला. हात दारूने आधीच नेला होता. पण लोकांना ते कोण सांगणार? त्यानंतर बाबा वाजवायला बसले नाहीत.

आम्ही घरी आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. आईने भात करून ठेवला होता. बाबा खाटेवर बसायला गेले तर पायाला गंज लागला. त्यांनी वाकून तो बाहेर ओढला.

"हा खाली काहून ठेवला?"

आईने अंगणाकडे पाहिलं. राजूने मान वळवली. बाबा त्या गंजाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना हे माहीतच नव्हतं. मग त्यांनी तो उचलला, चुलीजवळ नेऊन ठेवला आणि तिथेच बसून राहिले.

तुमच्या घरी कुणी रोज पीत असेल आणि सोडतो म्हणत असेल, तर शपथ जरूर घ्या. पण एकदम बंद करायच्या आधी त्याला डॉक्टरकडे न्या. थरथर, झटका, भास दिसला तर पुजाऱ्याची वाट पाहू नका.

बाबांचं लिव्हर बरं झालेलं नाही. राजू घरी येतो, पण बाबांशी कामापुरतंच बोलतो. आई अजून उजेडातच स्वयंपाक करते. त्या मंडईपासून बाबांनी दारू घेतलेली नाही, आणि आमच्या भाताचा गंज चुलीवर असतो.