शिरीषदादाचा खांदा

मी शिरीषदादाचा घात केला. मागच्या वर्षी, गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी दुपारी, डँडेनॉन्गमधल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये, हातात पोह्यांची प्लेट धरून. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, मैत्रिणींना नाही, ज्याचं नुकसान झालं त्यालाही नाही.

मी तुला माहीत असेन. फॉस्टर स्ट्रीटवर शनिवारी टेबल टाकून पत्रकं वाटते, ती मी. वेअरहाउसमध्ये, फॅक्टरीत कॅज्युअल म्हणून राबणाऱ्या आपल्या लोकांसाठी. 'दुखापत लपवू नका.' 'शरीर तुमचं, शिफ्ट त्यांची.' ही दुसरी ओळ माझी. तिच्यावर मी फार खूश होते. पत्रकं लिहून लिहून एक सवय लागते — दोषी कोण ते पहिल्याच ओळीत सांगून टाकायचं. आणि तो दोषी कायम दुसराच कोणीतरी असतो. आज पहिल्या ओळीत मी आहे. सवय नाही, त्यामुळे अडखळेन.

शिरीषदादा मूळचा चिंचवडचा. चाळिशी कधीच ओलांडलेली. आठवडाभर एका वेअरहाउसमध्ये खोके चढवायचा आणि रविवारी आपल्या लीगमध्ये बोलिंग टाकायचा. त्याच्या चांगल्या दिवसांत बॅट्समन त्याची ओव्हर नुसती खेळून काढायचे, मारायच्या भानगडीत पडायचे नाहीत. पण त्या रविवारच्या आधीचे दोन सीझन तो अर्ध्या मॅचना नसायचाच. कधी हॅमस्ट्रिंग, कधी कंबर, एकदा म्हणे बायकोच्या भावाचं लग्न. त्यावर सगळे विनोद करायचे — दादाला घ्यायचं तर फिजिओसकट घ्या. मीही हसायचे.

मग एका शनिवारी तो टेबलापाशी आला. पत्रक घेतलं, घडी करून खिशात घातलं, आणि गेला नाही. आजूबाजूची गर्दी ओसरल्यावर म्हणाला, उजवा खांदा गेलाय. वरच्या शेल्फवर खोका चढवताना आत काहीतरी फाटलं. हॅमस्ट्रिंग वगैरे सगळं खोटं — खांदा म्हटलं तर लोक विचारणार कशाने, आणि बोलणं फिरत फिरत कामावर पोचणार. तिथे त्याने दुखापत नोंदवली नव्हती. का, ते मी विचारायची गरज नव्हती. कॅज्युअलला शिफ्ट फोनवर येते, आदल्या दिवशी, मेसेजने. जो बोलतो त्याला मेसेज येत नाही. सोबत काम करणारा जिग्नेशभाई रोज त्याला गाडीने न्यायचा, तोच वरच्या शेल्फचे खोके याच्या वाटणीचेही चढवायचा. बाकी कोणाला पत्ता नव्हता.

मी म्हटलं, डॉक्टरला दाखव, नोंदव. तो म्हणाला, बघतो. मी म्हटलं, दादा, हे माझ्यापाशी राहील.

माझ्यापाशी. त्याच टेबलावर हात ठेवून म्हटलं होतं.

आता ड्राफ्टचं सांगते, कारण त्याशिवाय माझा नीचपणा नीट कळणार नाही. आपल्या लीगमध्ये टीम कायमच्या नसतात. दरवर्षी सगळी नावं पुन्हा एकत्र करायची आणि आळीपाळीने एकेकाने एकेक खेळाडू उचलायचा, म्हणजे सगळे तगडे एकाच टीममध्ये जमत नाहीत. आणि आपला तो लाडका नियम — प्रत्येक टीमने चाळिशीच्या वरचा एक तरी घ्यायचाच. चाळिशीची जागा. ही जागा कॅप्टन लोक तोंड वाकडं करून भरतात. एकाला वाकता येत नाही, दुसरा फील्डिंगला उभा राहून मुलीच्या ट्यूशनचे फोन घेतो. त्या सगळ्यांत मॅच जिंकून देईल असा एकच माणूस होता, शिरीषदादा.

आमच्या टीमची निवड माझ्याकडे होती. मला क्रिकेट फार कळतं म्हणून नाही. ऑफिसच्या फँटसी फुटीत मी सगळ्यांना हरवते म्हणून. फँटसी फुटी म्हणजे काय, तर फुटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, खऱ्या खेळाडूंमधून आपली टीम निवडायची आणि ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला पॉइंट. तिथली माझी युक्ती साधी होती. नावाजलेला, वय झालेला, सारखा दुखापती होणारा खेळाडू हेरायचा. असा खेळाडू घ्यावा की नाही, या विचारात लोक आधीच असतात. कॉफी घेताना सहज म्हणायचं, त्याच्या गुडघ्याचं काही खरं नाही म्हणे. मग तो कोणी घेत नाही, घसरत घसरत शेवटी माझ्याकडे येतो. त्या खेळाडूला काय फरक पडतो? त्याला माझं नावही ठाऊक नसतं.

तीच युक्ती मी अशा माणसावर केली, ज्याला माझं नाव ठाऊक होतं. ज्याने त्याचं दुखणं स्वतः मला सांगितलं होतं.

त्या रविवारी हॉलमध्ये ड्राफ्ट होता, आणि दादा आला नव्हता. एक कॅप्टन त्याचं नाव घेण्याच्या बेतात होता. मी म्हटलं, घ्या की, पण फिजिओ कुठून आणणार? हशा झाला. तो म्हणाला, हॅमस्ट्रिंग आहे, मेट, महिन्याभरात बरी होते. मला दिसलं, हा घेणार. मग मी बोलले.

"हॅमस्ट्रिंग नाहीये ते. खांदा फाटलाय. कामावर खोके चढवताना."

हॉलमध्ये अमोलही होता. दुसऱ्या एका टीमचा कॅप्टन, आणि शिरीषदादाच्याच वेअरहाउसमध्ये सुपरवायझर. उद्याचा मेसेज कोणाला जायचा, हे तो ठरवायचा.

मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. मग ते त्या क्षणी लक्षात आलं नाही का? कित्येक महिने मी स्वतःला हेच सांगत आले — बोलण्याच्या भरात गेलं, अमोल तिथे आहे हे डोक्यातच नव्हतं. ही थाप मी इतकी घोटलीय की अजूनही कधी कधी ती मला खरी वाटते. पण झालं ते असं. 'खांदा फाटलाय' म्हणून झाल्यावर माझी नजर अमोलकडे गेली. त्याचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबला होता. 'कामावर' हा शब्द अजून माझ्या तोंडातच होता. तिथे गप्प बसता आलं असतं. क्रिकेटमध्येही खांदा दुखावतो, कोणी काही विचारलं नसतं. पण नुसत्या खांद्याला तो कॅप्टन घाबरला नसता. रोज खोके उचलणाऱ्याचा खांदा सीझनभर बरा होत नाही — घाबरवायला तेवढंच हवं होतं.

म्हणून मी वाक्य पूर्ण केलं.

दादा शेवटच्या फेरीत मला मिळाला. भारी पिक, म्हणून दोघातिघांनी पाठ थोपटली. ड्राफ्टमध्ये कोणाबद्दल काय बोललं गेलं ते त्या माणसाला सांगायचं नाही, असा आपल्याकडे रिवाज आहे, त्यामुळे माझं वाक्य दादापर्यंत पोचलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून त्याचे मेसेज कमी झाले. मग आठवड्याला जेमतेम एखादा. कोणी त्याला काढलं नाही. कॅज्युअलला काढावं लागतच नाही, फोन नुसता गप्प राहतो. अमोल भेटला की म्हणायचा, सध्या काम कमी आहे दादा, नो वरीज. याच्यावर मी पत्रक लिहिलं. नाव न घेता, पण दात ओठ खाऊन. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि आजही मी तो मागे घेणार नाही. फक्त अमोलला हे कळलं कुठून, तेवढं त्यात लिहिलं नव्हतं.

पहिल्या प्रॅक्टिसला दादा वहिनींनी केलेल्या चकल्यांचा डबा घेऊन आला. म्हणाला, "बाकीच्यांनी सोडलंच होतं गं मला. तू घेतलंस."

मी चकल्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

मग मी नळावर बाटल्या भरत असताना तो शेजारी येऊन उभा राहिला. शिफ्ट आटल्या त्या खांद्यामुळेच, हे त्याने ओळखलं होतं; कामावर कळलं कसं, याचाही बराच विचार केला होता. "माहीत होतं दोघांनाच. तुला आणि जिग्नेशला." मग म्हणाला, "तू तर सांगणार नाहीस."

बाटली भरून वाहत होती. मी नळ बंद केला नाही, आणि तोंडही उघडलं नाही.

त्या दिवसापासून तो जिग्नेशभाईच्या गाडीत बसला नाही. उरलीसुरली शिफ्ट असेल तेव्हा बसने, दोन बस बदलून जायचा. जिग्नेशभाई एकदा टेबलापाशी येऊन मला विचारून गेला. "दीदी, शिरीषभाई मेरे से बात क्यूँ नहीं करते? मैंने कुछ किया क्या?"

मी म्हटलं, पता नहीं भाई. आणि त्याच्या हातात पत्रक दिलं.

खरं काय ते दोनदा तोंडापर्यंत आलं होतं, असं काही मी म्हणणार नाही. आलं नव्हतं. सीझन चालू होता आणि मला दादा टीममध्ये हवा होता. तो त्या खांद्याने माझ्यासाठी बोलिंग टाकत राहिला. ओव्हर संपली की डाव्या हाताने उजवा दंड धरून फील्डिंगच्या जागी जायचा, आणि मी बाउंड्रीवरून टाळ्या वाजवायचे. आम्ही सेमीपर्यंत गेलो. त्याच्याशिवाय गेलो नसतो. म्हणजे निवड माझी बरोबरच होती, नाही का?

आता तो संध्याकाळी ऑफिसं साफ करतो. दुखापत अजून नोंदवलेली नाही. या वर्षी लीगला नाव दिलेलं नाही. जिग्नेशभाईशी अजून बोलत नाही.

हा मजकूर मंडळाच्या अंकाकडे पाठवण्याआधी मी दोन घरी जाणार आहे. आधी जिग्नेशभाईकडे, मग दादाकडे, आणि दोन्हीकडे हा पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे. दादा नको म्हणाला तर छापायचा नाही. त्याच्या खांद्याबद्दल त्याला न विचारता मी एकदा बोलले, तेवढं पुरे. तू हे वाचत असशील, तर त्याने हो म्हटलंय. त्याने माफ केलं असा याचा अर्थ काढू नकोस. मी माफी मागितलेली नाही, त्याच्याकडे नाही आणि तुझ्याकडेही नाही.

येत्या रविवारी पुन्हा ड्राफ्ट आहे. मी नसेन, तू असशील. पोहे असतील, विनोद होतील, चाळिशीच्या जागेची पाळी येईल. कोणीतरी हुशार माणूस कोणाच्या तरी गुडघ्याबद्दल, कंबरेबद्दल बोलायला लागेल. त्याला विचार, हे तुला कोणी सांगितलं, आणि कशासाठी सांगितलं होतं?

आणि त्याला वाक्य पूर्ण करू देऊ नकोस.