चिंचोक्यांचा ग

बाईंनी खडूनं फरशीवर हा मोठा ग काढला आणि पोरांच्या पुढ्यात चिंचोके ओतले. रेघेवर एकेक चिंचोका मांडायचा, मग अक्षर बोटानं गिरवायचं, असा अंगणवाडीतला खेळ. पोरांच्या रांगेत मीही बसते. अर्धांगवायूनं उजवा हात गेला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बारीक वस्तू उचलत राहा, आजी. बोटं परत आली तर अशीच येतील."

या बोटांचा काय तोरा होता! ऐन विशीत मी दिवाळीला ठिपक्यांची रांगोळी काढायची आणि बघायला आलेल्या बायकांना बजावायची, "लांबून बघा हं, पदर लागेल." जसा काही ब्रह्मदेवानं माझ्यानंतर साचाच मोडून टाकला होता! आता चिंचोका निसटला की विशीतल्या त्या टवळीचं मला हसू येतं. तेही एकाच गालानं.

अक्षर आधी बोटात उतरतं म्हणतात. जातानाही तिथूनच निघत असावं.

शेजारच्या चार वर्षांच्या गौरीचा ग केव्हाच पुरा झाला होता. माझा उभ्या रेघेशीच अडलेला.

"आजी, तुला येत नाही?"

"नाही गं बाई. ढ आहे मी."

"रडू नको हां. मी शिकवते."

बाई तिचं धरतात तसं तिनं माझं बोट मुठीत घेतलं आणि रेघेवरून सावकाश फिरवलं. "आला बघ!"

तिची मूठ गरम होती की गार, कोण जाणे. तिनं बोट धरलंय, हे मला फक्त डोळ्यांनी कळत होतं.