पायऱ्यांवरची माणसं

आमच्या गावातल्या बंगल्याला हल्ली निमंत्रणपत्रिकांत राजवाडा म्हणतात. तो उभा होता तोवर त्याला कोणी तसं म्हटल्याचं मला आठवत नाही. बांधणाऱ्याचं राज्य त्याच्या कापसाच्या जिनिंगच्या आवाराएवढं होतं आणि प्रजा म्हणजे सरकीची पोती. पण इमारत पाडली की तिचा दर्जा वाढतो, हे मी वाशीम जिल्ह्यात राहूनच शिकलो.

बंगल्यापुढची बाग लोकांसाठी खुली होती, बंगला नव्हता. मालकांनी हद्द घालून दिली होती : बागेत बसा, पायऱ्यांपर्यंत या, पुढे नाही. त्यामुळे आत काय होतं ते कोणालाच माहीत नाही, आणि म्हणून प्रत्येकाला वेगळं आठवतं. कोणाला झुंबरं आठवतात, कोणाला वाघाचं कातडं. मला फक्त बंद दार आठवतं.

पायऱ्यांचा मात्र गावाने पुरेपूर उपयोग केला. लग्न लागलं की नवरानवरीला तिथं नेऊन फोटो काढायचा, हा रिवाजच होता. निकाह असो की सप्तपदी, फोटोग्राफर त्याच पायरीवर उभं करायचा. मेडशीच्या एका व्याह्यांनी असा फोटो पाहून, मुलीकडच्यांचं एवढं मोठं घर आणि पंगतीत गोड एकच कसं, असं विचारल्याचं सांगतात. मुलीकडच्यांनी गोड कमी पडल्याची माफी मागितली. बंगला आपला नाही हे काही सांगितलं नाही. माझ्याही लग्नाचा फोटो तिथलाच आहे.

पुढे वारस शहरात गेले, जागा विकली गेली, बंगला पाडून व्यापारी संकुल आलं. पाडताना कोणी आडवं गेलं नाही, मीही नाही. सागाची दारंखिडक्या ज्यांच्या घरी गेल्या त्यांच्यातले काहीजण आज स्मृती समितीवर आहेत. बागेच्या उरलेल्या तुकड्यात स्मृतिदालन करायचं ठरलं तेव्हा निवृत्त प्राध्यापक म्हणून मलाही समितीत घेतलं आणि जुने फोटो गोळा करायला सांगितलं. घरोघर फिरल्यावर कळलं, की माणसांशिवायचा बंगल्याचा फोटो गावात एकही नाही. नुसत्या भिंतीवर रीळ कोण खर्च करणार.

सगळ्यांत स्वच्छ फोटो निघाला आमच्या शेजारच्या भाभींकडे. त्यांचे शोहर कापूस पिंजून गाद्या भरायचे. आमच्या गावाची झोप बरीच वर्षं त्यांच्या हाताखालून गेली. फोमच्या गाद्या आल्या, दुकान बसलं, नंतर तेही गेले. फोटोत ते उसन्या शेरवानीत ताठ उभे, बाजूला डोक्यावरून पदर घेतलेल्या भाभी. फोटोग्राफर बराच मागे सरकला होता, म्हणून बंगल्याची अख्खी दर्शनी बाजू आली होती आणि हे दोघं सगळ्यांत खालच्या पायरीवर, एका कडेला.

भाभी आधी द्यायला तयार नव्हत्या. भिंतीवर लागेल का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, मोठा करून, अगदी समोर.

"मंग न्या भाऊ," त्या म्हणाल्या. "दुकान गेलं, पिंजायची मशीन गेली. गावात त्याईचं काईतरी राहू द्या."

फोटोची प्रत काढून मूळ मी त्यांना परत नेऊन दिला. समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी ती प्रत मोठी केलेली पाहिली आणि म्हणाले, "माणसं मधे येतात." बाकीच्यांनी माना हलवल्या. माझी हलली नाही, पण तोंडही हललं नाही. स्टुडिओवाल्याने संगणकावर दोघांना पुसून पायरी साफ करून दिली. मालकांचे पाहुणे आणि पायऱ्या उतरणारे एक मंत्री अशा आणखी दोन फोटोंतली माणसं तशीच राहिली. ती मधे येत नव्हती.

भाभींना आधी सांगावं म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. त्या उद्‌घाटनासाठी नातीच्या ड्रेसला इस्त्री करून राहिल्या होत्या. मी सोयाबीनच्या भावावर बोललो, चहा घेतला आणि परत आलो.

उद्‌घाटनाला बँड होता, फुलांची कमान होती, डोक्यावर ड्रोन घोंगावत होता. भाभी नातीला घेऊन वेळेआधी आल्या. भिंतभर फोटोपुढे उभ्या राहिल्या, जवळ गेल्या, मग बाजूचे फोटो पाहून आल्या. मी खांबाआड होतो. त्यांनी पर्समधून मूळ फोटो काढला आणि नातीला तो त्या मोठ्या पायरीशेजारी धरायला लावला. म्हणजे आजा कुठं उभा होता ते पोरीला कळावं.

दोनचार माणसं डोकावली, मग दहाबारा झाली. इंझोरीहून आलेला एक शेतकरी म्हणाला, "हे तं गादीवाले चाचा. माह्या बहिणीच्या लग्नातली गादी अजून हाय." दुसरा म्हणाला, चाचा गादी द्यायच्या आधी स्वतः लोळून दाखवत आणि मग उठायचंच विसरत. लोक हसले. भाभीही तोंडावर पदर धरून हसल्या. तो इवलासा फोटो हातोहात फिरत होता आणि राजवाड्याकडे सगळ्यांची पाठ होती.

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी फाटकात आली. अध्यक्षांनी गर्दीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेजार माझा, म्हणजे कामही माझंच. मी गेलो.

"भाभी, जरा बाजूला व्हा."

त्या लगेच झाल्या. लोक पांगले. फोटो पर्समध्ये ठेवता ठेवता त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "भाऊ, खरं सांगा. आमाले काहून काढलं? बंगला झाकत होता म्हनून, का आमी होतो म्हनून?"

बैठकीत तसं कोणी काही बोललं नव्हतं. आमच्याकडे बोलावं लागत नाही. माझ्या लग्नाचा फोटो निवडला असता तर माणसं मधे आली असती का? मला ठाऊक नाही. सगळा जन्म एका भिंतीच्या शेजारात काढून मला हे ठाऊक नाही, आणि त्या दिवशी कबूल करायचं तर तेवढंच कबूल करता आलं असतं.

"बंगला झाकत होता," मी म्हणालो.

भाभींनी वळून भिंतीवरच्या फोटोतल्या त्या खालच्या पायरीकडे पाहिलं. तिथं कडेला उभ्या दोन माणसांमुळे बंगल्याची एक खिडकीसुद्धा झाकली गेली नसती.

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या, आणि नातीचा हात धरून कमानीखालून निघाल्या. आत पाहुणे रिकाम्या पायऱ्यांपुढे फोटोसाठी उभे राहत होते. समितीच्या लोकांना हाका सुरू झाल्या. माझंही नाव घेतलं. मी जाऊन उभा राहिलो.