ट्रेलरवरचा हादगा

कळंबोलीच्या आमच्या सोसायटीत सण पंचांगाप्रमाणे येत नसत, सुट्टीप्रमाणे येत. कोजागिरी बुधवारी आली तर ती शनिवारी साजरी व्हायची. तोवर चंद्र एका बाजूने झिजलेला असायचा, पण त्याच्याकडे तसंही कुणी बघत नसे. सगळ्यांचं लक्ष दुधाच्या पातेल्याकडे. दसऱ्याचं सोनं पुढच्या रविवारी वाटलं जायचं आणि ते घेताना लोक तितक्याच गंभीरपणे एकमेकांच्या पाया पडायचे. दिवाळी तेवढी कुणाला हलवता आली नाही, कारण तिला मुळातच सुट्टी होती.

हे सगळं ठरवायला एक सांस्कृतिक समिती होती आणि समिती म्हणजे तिचे चिटणीस. ते आठवडाभर कुठल्याशा कंपनीत मान खाली घालून काम करायचे आणि शनिवार-रविवारी झब्बा घालून माइकपाशी यायचे. माइक हातात आला की माणूस बदलायचा. सकाळी दूध आणायला गेलेल्या बायकांना ते गॅलरीतून माइकवर नमस्कार करायचे. घरी जेवायला बसल्यावरही आधी ‘हॅलो, हॅलो’ म्हणत असतील अशी माझी तेव्हा खात्री होती.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. खारघरला तेव्हा डोंगर आणि गवत सोडून बघायला काही नव्हतं, आणि कळंबोलीत लोखंड आणि ट्रक सोडून. बाबा लोखंड बाजारातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात क्लार्क होते. बरीच वर्षं चार जणांत एक खोली घेऊन राहिले, मग सिडकोचा फ्लॅट मिळाला आणि त्यांनी आईला आणि मला साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून आणलं. आई आली, पण अट घालून आली.

“दिवाळीपतोर बघते,” ती म्हणाली. “करमलं तर ऱ्हाते. न्हायतर पोरीला घेऊन माघारी.”

आई अशी वाक्यं एकदाच बोलायची. बाबांनी घाईघाईने एक लोखंडी कपाट आणलं. आईने त्यात काही ठेवलं नाही. तिची लुगडी ट्रंकेतून निघायची, अंगावर यायची, धुतली जायची आणि घडी होऊन परत ट्रंकेत जायची. रिकामं कपाट बरं दिसेना म्हणून बाबांनी स्वतःचे शर्ट त्यात लांब लांब टांगून ठेवले. मला इथंच राहायचं होतं. नळाला पाणी होतं, शाळेला पक्कं छप्पर होतं, आणि बाबांना एकट्याला त्या शर्टांसोबत सोडून जाणं मला नको होतं.

आईला मात्र करमत नव्हतं. गावाकडे तिच्या ओसरीवर दिवसभर बायकांचा राबता. इथं दारं बंद. बायका जिन्यात भेटल्या की ‘जेवण झालं का’ विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरायच्या. अख्ख्या इमारतीत आईशी नेमाने बोलणारी एकच बाई होती, आणि ती भांडायला यायची.

त्या खालच्या मजल्यावरच्या काकू. परभणीकडच्या. भांडणाचं कारण आईचं उखळ. गावाहून येताना आईने एसटीत मांडीशी घेऊन लाकडी उखळ आणि मुसळ आणलं होतं. मिक्सरमधली शेंगदाण्याची चटणी तिच्या मते चटणी नव्हे, भुकटी. त्यामुळे दुपारी ती कांडायला बसायची, आणि तिसऱ्या घावाला खालून झाडूच्या दांड्याने छतावर ठोके पडायचे. आई आणखी दोन घाव जास्तीचे घालायची. मग काकू वर यायच्या.

“अवो बाई, माझ्या डोक्यावर घर पाडायलीस का काय?”

“पडंल तवा खाली तुमच्यातच येऊन बसते की,” आई म्हणायची.

असं हे रोजचं. काकू गेल्या की आईचा चेहरा जरा उजळलेला असायचा, हे मला कळायचं, पण त्याचा अर्थ लावायचं वय नव्हतं.

अशात नवरात्र आलं आणि समितीने ‘शारदीय सांस्कृतिक महोत्सव’ जाहीर केला. अर्थात शनिवार-रविवारचा. शनिवारी रांगोळी, अंताक्षरी आणि लहान मुलांचं फॅन्सी ड्रेस, ज्यात सहा शिवाजी आणि एक भाजीवाली असायची. आणि रविवारी संध्याकाळी भोंडला.

आमच्याकडे त्याला हादगा म्हणतात. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत. म्हणजे जिने तिने घरून झाकलेला डबा आणायचा आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखलं तर आणणारी हरली. आई लग्नाआधी आणि नंतरही कधी हरली नव्हती. तिचा डबा आला की गावातल्या पोरी हात टेकायच्या. ही गोष्ट ती सहसा सांगायची नाही, पण भोंडल्याचं ऐकल्यावर तिने ती मला एकाच दिवसात तीनदा सांगितली. बाबा एवढे खूश झाले की समितीत स्वयंसेवक म्हणून नाव देऊन छातीला बिल्ला लावून आले.

मग शुक्रवारी सकाळी माइक सुरू झाला.

“सर्व महिला भगिनींनी भोंडल्याला बहुसंख्येने उपस्थित राहावं. खिरापत म्हणून वेफर्सचं पाकीट आणि पेढा देण्यात येईल. खिरापतीचे सौजन्य आपले आजचे, सॉरी, रविवारचे प्रमुख पाहुणे...”

आईच्या हातातली परात तशीच राहिली. “खिरापत कुनी माइकवरनं सांगतं का?”

ती तशीच खाली गेली. मी मागोमाग. चिटणीस हसले. “वहिनी, टेन्शन घेऊ नका. सगळं सेट आहे.”

“आवं, पण वळखायचं काय मग?”

“तेच तर! ओळखायची भानगडच ठेवली नाही. टाइम वाचतो. आणि गुपित ठेवलं तर सौजन्य कुणाचं म्हणून सांगायचं?”

आई तशीच माघारी वळली. जिना चढताना म्हणाली, “ह्या गावात हत्तीला बी पावती फाडून आनत्याल.” मला वाटलं, संपलं. आता दिवाळीची सुद्धा वाट बघणार नाही ही. पण घरी येऊन तिने ट्रंकेच्या तळातून एक पुरचुंडी काढली आणि त्यातलं काहीतरी भिजत घातलं. मला विचारू दिलं नाही. शनिवारी दुपारी, सगळी सोसायटी अंताक्षरीला गेली असताना, तिने दार लावून बराच वेळ कांडण केलं. थांबल्यावर कपाळाचा घाम पुसत म्हणाली, “आज खालनं काय वाजलं न्हाय. मेली का काय बया?” आवाजात काळजी होती.

रविवारी संध्याकाळी मैदानात गेलो तर मधोमध एक ट्रेलर उभा. प्रमुख पाहुणे म्हणजे एका ट्रान्सपोर्ट कंपनीचे मालक होते आणि त्यांनी स्टेज म्हणून आपला ट्रेलरच दिला होता. ज्याच्यावरून एरवी लोखंडाच्या प्लेटा जायच्या, त्याला झेंडूच्या माळा आणि झालर लावली होती. वर थर्माकोलचा हत्ती, माणसापेक्षा उंच, दोऱ्यांनी घट्ट बांधलेला. बायकांना स्टुलावरून एकेक करून वर चढवलं. पैठणी नेसून ट्रेलरवर चढणं सोपं नसतं. दोघीतिघींना बाबांनी हात दिला आणि लगेच बिल्ला सरळ केला.

वर गेल्यावर नवीन अडचण. फेर धरायचा तर निम्म्या बायकांची पाठ पाहुण्यांकडे होते. चिटणीसांना ते पटेना. “पाहुण्यांकडे पाठ कशी करायची? बरं दिसतं का ते? अर्धगोल करा, अर्धगोल.” म्हणून हत्तीला मागे सारलं, बायका त्याच्यापुढे कमानीत उभ्या राहिल्या आणि ठरलं की चार पावलं उजवीकडे जायचं आणि तीच चार पावलं परत यायचं. आईच्या हातात पदराखाली झाकलेला डबा होता. ती कडेला उभी होती आणि तिचा चेहरा बघवत नव्हता. खाली खुर्च्यांच्या मागे, हाताची घडी घालून, खालच्या काकू उभ्या होत्या. त्यांच्याकडे हा प्रकार नसतो, त्या नुसत्या बघायला आल्या होत्या.

पाहुणे तासभर उशिरा आले. मग त्यांचा सत्कार झाला. मग सत्काराला त्यांनी उत्तर दिलं. आपल्या संस्कृतीत गतीला किती महत्त्व आहे हे ते हिंदीत सांगत होते, आणि वर हत्तीपुढे बायका ताटकळत उभ्या होत्या. तेवढ्यात गर्दीतून एक सरदारजी ड्रायव्हर वाट काढत आला आणि थेट पाहुण्यांच्या कानाशी वाकला.

“सेठजी, गाड़ी चाहिए. न्हावा-शेवा में माल खड़ा है. ऑफिस में बार-बार फोन आ रहा है.”

पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. स्टेजकडे बघितलं. त्यांच्या मनात संस्कृती आणि माल यांची ओढाताण झाली असेल तर ती फार थोडा वेळ झाली. ते माइकवरूनच चिटणीसांना म्हणाले, “आप प्रोग्राम चालू रखिए. सिर्फ स्टेज जाने दीजिए.”

चिटणीसांनी आधी मान डोलावली आणि नंतर त्यांना अर्थ कळला. पण तोवर ड्रायव्हर केबिनमध्ये चढला होता. बायका पैठण्या सावरत, किंचाळत, स्टूल न शोधता खाली उतरल्या. हत्ती सोडवायला दोन स्वयंसेवक धावले, त्यातले एक बाबा, पण गाठी त्यांनीच मारल्या होत्या आणि त्या चांगल्या मारल्या होत्या. ट्रेलर हलला. ट्रेलरला बांधलेली माइकची वायर ताणली, ताणली आणि सुटली. चिटणीस काहीतरी ओरडत होते, पण माइक बंद पडल्यामुळे पहिल्यांदाच त्यांचं कुणाला ऐकू गेलं नाही. झालर फडफडवत ट्रेलर गेटमधून बाहेर पडला आणि आमचा हत्ती रस्त्याच्या दिव्यांखालून डौलात बंदराकडे निघून गेला. पुढे तो बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या बाजूला कुणाला तरी दिसल्याचं बरेच दिवस ऐकू यायचं.

बायका मोकळ्या जागेत घोळक्याने उभ्या. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळ्याच हसत सुटल्या, पोट धरून. त्या हसण्यातच आई पुढे झाली. आदल्या दिवशीच्या स्पर्धेची रांगोळी एका डब्यात उरली होती, ती मागून घेतली आणि खाली बसून तिने जमिनीवर हत्ती काढला. खरं सांगायचं तर तो म्हशीसारखा झाला होता. पण सोंड होती. बायकांनी न सांगता त्याच्याभोवती फेर धरला, पुरता गोल, आणि गाणी सुरू झाली. कोकणातल्यांची चाल वेगळी, देशावरच्यांचे शब्द वेगळे, कुणाचं कुणात मिसळत नव्हतं, पण आवाज केवढा लागला होता! पाहुणे वेफर्स खात बायकांच्या पाठी बघत बसले. त्यांना काही वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही.

गाणी संपल्यावर आईने पदराखालचा डबा काढला आणि मधे ठेवला.

“ह्यात काय हाय, वळखा.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हे कार्यक्रमात नव्हतं. मग एकीने डबा हलवला. वाजला नाही.

“गोड का तिखट?”

“ग्वाड.”

“शिरा! साखरभात! श्रीखंड!”

“न्हाय, न्हाय, न्हाय.”

फेर जवळ जवळ येत गेला. ज्या बायका जिन्यात थांबत नव्हत्या त्या आता आईच्या खांद्यावर हात ठेवून विचारत होत्या. मी आईला तशी गावाकडेच पाहिली होती. गाल लाल, डोळे बारीक केलेले, आणि प्रत्येक ‘न्हाय’बरोबर मान आणखी ताठ. थोड्याच वेळात सगळ्या हात टेकणार हे दिसत होतं.

“गव्हाची खीर हाय ती.”

आवाज मागून आला. हाताची घडी न सोडता खालच्या काकू पुढे आल्या होत्या. “गूळ घातलेली. खपली गव्हाची.”

आई उठून उभी राहिली. “तुमास्नी कसं कळलं?”

“आता कसं म्हंजी? तुझं घर माझ्या डोक्यावर हाय. दानं कुटायलीस तर येगळं वाजतंय, अन् कोंडा काढाया ओलं गहू सडायलीस तर येगळं. काल मी झाडू घेतला व्हता हातात.” काकूंनी नाक पुसलं. “मग म्हनलं, गहू सडायलीय. सडू द्यावं. माझी माय सडायची तसंच वाजायलं व्हतं. लई वर्सं झाली आयकून.”

मला धडकी भरली. आई आयुष्यात पहिल्यांदा हरली होती, आणि तीही कुणाकडून! तिने खाली वाकून डबा उघडला, झाकणात खीर काढली आणि सगळ्यांच्या आधी ते झाकण काकूंच्या हातात दिलं. काकूंनी तिथंच उभ्याने खाल्ली. “सुंठ जास्ती झाली,” त्या म्हणाल्या, आणि झाकण परत पुढे केलं.

समितीच्या पुढच्या सभेत महोत्सव अभूतपूर्व यशस्वी झाल्याचं चिटणीसांनी माइकवरून सांगितलं. भोंडला जमिनीवर घेण्याची अभिनव कल्पना समितीचीच होती, हेही सांगितलं.

पण त्या रविवारी आम्ही घरी आलो तेव्हा ट्रेलर गेल्यागेल्याच घरी परतलेले बाबा बिल्ला काढून हातात घेऊन बसले होते. हत्ती आपल्या गाठींमुळे गेला, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. त्यांनी भीत भीत विचारलं, “कसं झालं मग?”

“हरले,” आई म्हणाली.

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे बघितलं. आई रिकामा डबा विसळून आली, पदराला हात पुसत ट्रंकेपाशी बसली आणि लुगडी काढून एकावर एक माझ्या हातात द्यायला लागली.

“बसलाय काय असं? ही ट्रंक माळ्यावर टाका,” ती बाबांना म्हणाली. “आन कपाटातलं तुमचं शर्ट एका अंगाला सरकवा. मला जागा लागंल.”