वॉटरप्रूफ गाडी

नवी गाडी घेतल्यावर माणसं पेढे वाटतात, आमच्या ह्यांनी उपदेश वाटले. मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहून त्यांना साक्षात्कार झाला होता, की गाडीचा खरा शत्रू अपघात नव्हे, पाणी. वायरिंगमध्ये पाणी शिरलं की गाडीचा मेंदूच जातो म्हणे.

झालं. एका रविवारी हे काळ्या टेपची रिळं, ग्रीसचा डबा आणि बाथरूमच्या फटी बुजवायचं सिलिकॉन घेऊन गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरले. बॉनेट उघडून फ्यूजच्या डब्याला पिशवी गुंडाळली, वर टेप, त्यावर सिलिकॉन. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर ग्रीस थापून तिलाही तसंच बांधून टाकलं. बॉनेटखाली इंजिन आहे की ममी ठेवलीय, कळेना.

मी म्हटलं, "अहो, त्यापेक्षा उतारावरची गटाराची जाळी साफ करून घ्या ना. पाणी तिथूनच आत येतं."

"ते सोसायटीचं काम आहे," हे म्हणाले. "मी माझ्यापुरतं बघितलंय."

पण माझ्यापुरतं म्हणणारा माणूस भाषण केल्याशिवाय थोडाच राहतो! सोसायटीच्या बैठकीत ह्यांनी अर्धा तास प्रात्यक्षिक दिलं. तळघरातलं पाणी उपसायच्या पंपाचा आणि जाळीचा विषय त्यात वाहून गेला. दोन शेजाऱ्यांनी तर कौतुकाने आपल्याही गाड्या ह्यांच्याकडून बांधून घेतल्या.

ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला. एका दुपारी वॉचमनने बेल वाजवली, तळघरात पाणी भरतंय म्हणून. आम्ही खाली पोहोचेपर्यंत ते घोट्याच्या वर आलं होतं. मी मालेगावच्या भावाला फोन लावला. आदल्या वर्षी त्याची गाडी अशीच बुडाली होती.

"ताई, आधी बॅटरीची वायर काढायला सांग," तो ओरडला. "आणि दाजींना चावी फिरवू देऊ नको!"

मी निरोप दिला. ह्यांनी बॉनेट उघडलं आणि तिथेच थबकले. वायर काढायची, पण वायर होती कुठे? टेप ग्रीसने निसटत होती आणि सिलिकॉन दगडासारखं घट्ट बसलं होतं. मी वर धावत जाऊन भाजी चिरायची सुरी आणली. गुडघाभर पाण्यात हे बॅटरीवर सुरी चालवत होते आणि एक थर निघाला की खाली दुसरा. त्या क्षणी मला त्यांची खरंच दया आली.

ती फार टिकली नाही. सुरी ठेवून हे म्हणाले, "जाऊ दे, चालू करून वरच काढतो. सगळं सील केलंय, काही होत नाही."

"अहो, नको!"

चावी फिरली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, वायपर आपोआप नाचू लागले आणि हॉर्न जो सुरू झाला, तो थांबेचना. सगळी बिल्डिंग जिन्यात गोळा झाली. हॉर्न हळूहळू घोगरा होत बंद पडला. त्याबरोबर दिवेही गेले.

वर्कशॉपमध्ये फ्यूजचा डबा कापला, तर आतून पाण्याची धार लागली. खालच्या वायरींच्या वाटेने पाणी आत शिरलं होतं आणि सिलिकॉनने ते जपून ठेवलं होतं. ज्यांनी गाड्या बांधून घेतल्या होत्या, त्या दोघांचीही तीच गत. न बांधलेल्यांपैकी ज्यांनी वेळेवर वायर काढली, त्यांच्या गाड्या वाळल्यावर निमूट चालू झाल्या.

त्या दोन शेजाऱ्यांना हे काय म्हणाले असतील?

"टेपच हलकी निघाली हो."

पुढच्या बैठकीत गटाराचा विषय अखेर निघाला आणि एक समिती नेमली गेली. अध्यक्ष म्हणून अनुभवी माणूस हवा होता. सगळ्यांनी एकमताने आमच्या ह्यांचं नाव सुचवलं. हात वर करणाऱ्यांत ते दोन शेजारीही होते. घरी येताना ह्यांच्या बगलेत पुष्पगुच्छ होता. आल्या आल्या त्यांनी मोबाइल उघडला आणि गटार साफ करायचा व्हिडिओ शोधायला बसले.