चालू बटणांची भाषा

धुळवडीच्या सकाळी मी मंजुषावहिनींच्या लॅपटॉपवर पेलाभर थंडाई सांडली. मुद्दाम नव्हे. गुलाल लावायला एक हात पुढे केला आणि दुसऱ्या हातात काय आहे ते विसरलो. बदाम-बडीशेपेसकट ती कीबोर्डात अशी शिरली, जणू तिला तिथेच क्वार्टर मिळालं होतं.

विश्वासराव माझे ऑफिसातले सहकारी आणि मंजुषावहिनी त्यांच्या पत्नी. सरकारी बदल्यांपायी त्यांची सव्वीस वर्षांत सात गावं झाली. प्रत्येक गावी वहिनींनी काहीतरी शिकायला घ्यावं, कुठे नोकरी धरावी, की विश्वासरावांच्या हातात बदलीचा कागद. आता बावन्नाव्या वर्षी इथल्याच, मोहालीतल्या एका छोट्या कंपनीने त्यांना नोकरीआधी परीक्षा म्हणून एक काम दिलं होतं. गोदामातलं कोणतं औषध आधी बाद होणार, हे सांगणारा प्रोग्राम लिहायचा. भाषा तुमच्या आवडीची, मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी दहा. वर्षभर घोटलेल्या जावा या संगणकाच्या भाषेत तो निम्मा लिहूनही झाला होता.

पुसून-वाळवून लॅपटॉप सुरू झाला, पण एंटरजवळची तीन बटणं गेली. महिरपी कंस नाहीत, अर्धविराम नाही. आणि जावाचं तर त्यांच्याशिवाय पान हलत नाही म्हणे. दुकानं बंद. मी जांभळ्या तोंडाने सेक्टरभर हिंडून एका सरदारजींचा जुना कीबोर्ड मागून आणला, तर त्याची पिन गोल आणि लॅपटॉपला तसं भोकच नाही.

वहिनींची एक पद्धत आहे. नव्या क्वार्टरमध्ये पाऊल टाकलं, की आधी सगळे नळ, सगळे दिवे चालवून बघायचे आणि जे चालतं त्याच्याभोवती संसार मांडायचा. माझंही घर त्यांनीच तसं लावून दिलं. इथल्या पहिल्या थंडीत मी टिकलो तो त्या उपकारावर. आजही त्यांनी एकेक बटण दाबून पाहिलं. पायथन घ्यावी, तर तिला कोलन लागतो आणि तो त्याच मेलेल्या बटणावर. मग त्यांना रुबी आठवली, मागे हौसेने शिकलेली. तिच्यात कंसाच्या जागी साधं ‘एंड’ लिहिलं तरी भागतं आणि अर्धविराम तर लागतच नाही.

“भावजी, तुम्ही आता मटार सोला,” त्या म्हणाल्या.

मी दोन किलो सोलले. संध्याकाळी सातला प्रोग्राम कंपनीकडे रवाना झाला. पेला कोणाच्या हातातला होता, हे वहिनींनी विश्वासरावांनासुद्धा सांगितलं नाही. माझ्या चुका अशा झाकणारं माणूस मला आईनंतर हेच भेटलं.

आठव्या दिवशी नोकरीचं पत्र आलं. मी पेढे घेऊन गेलो, आभार मानायचे होते ते मानले, आणि मनात सलत होतं तेही विचारलं, “वहिनी, विश्वासरावांची परत बदली झाली तर?”

पेढा मोडत त्या म्हणाल्या, “मग ते जातील.”